उस्तादांचा आकडा

आमच्या ह्यांना सगळं जग उस्ताद म्हणतं. दूधवाला, औषधवाला, खालच्या मजल्यावरचा विमा एजंट, इतकंच काय, आमचा जावईसुद्धा. सैन्यात हे नव्याने भरती झालेल्या पोरांना कवायत शिकवायचे, तेव्हा चिकटलेलं हे नाव. निवृत्त झाले, केस पिकले, पण नाव काही सुटलं नाही. सोडवायचा ह्यांनी कधी प्रयत्नही केला नाही म्हणा. कुणी नुसतं 'काका' म्हटलं की लगेच चेहरा पडतो.

मी ह्यांची बायको. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे आणि रस्त्याकडच्या खिडकीत पाटी आहे, 'कपडे लहानमोठे करून मिळतील.' पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कमरेत सैल करणं हे माझं काम. मशीन चालवता चालवता मी जाणाऱ्या-येणाऱ्याशी गप्पा मारू शकते, आणि मारते. आईच्या तोंडाला कुलूप नाही आणि बाबांच्या तोंडाला किल्ली नाही, असं आमची लेक म्हणते. खरं आहे ते, पण मला तोंडावर सांगितलेलं आवडत नाही.

ह्यांचे वडील गवंडी. पोरगा मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तेव्हा बापाने हातात थापी दिली. ह्यांनी पहिलीच भिंत अशी सरळ बांधली की बापाने ओळंबा लावून दोनदा तपासली. पण विटा रांगेत लावण्यापेक्षा माणसं रांगेत उभी करण्यात ह्यांना जास्त गोडी, त्याला कोण काय करणार. भरतीला गेले, निवडले गेले, आणि काही वर्षांत मैदानावर उस्ताद म्हणून उभे राहिले. लढाईवर हे स्वतः कधी गेले नाहीत. लढाईवर जाणारी पोरं ह्यांनी घडवली. आवाज असा खणखणीत की मैदानाच्या पलीकडच्या झाडावरचे कावळे उडायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या हातातली कपबशी खाली पडली होती, आणि ओरडत होते ते माझ्यावर नव्हे, रस्त्यापलीकडे वाकून चालणाऱ्या एका पोरावर.

त्या मैदानावर एक शब्द बंद होता. दुखतंय. पायाची सालं निघोत, खांदा निखळो, उस्तादांनी विचारलं की 'ठीक आहे, उस्ताद' एवढंच म्हणायचं. ह्यांचं म्हणणं असं की दुखतंय म्हटलं की दुखणं डोक्यावर बसतं, आणि एकदा बसलं की ते माणसाला हाकायला लागतं. पोरांना ते पटायचं. पटलं नाही तरी बोलायची कुणाची टाप होती?

कमरेचं दुखणं ह्यांनी नोकरीतूनच घरी आणलं, पेन्शनसोबत. मला कधी सांगितलं नाही, पण माझे डोळे काय फुटलेत? मोजे घालताना हे भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. खोकला आला की आधी टेबलाची कड धरायची आणि मग खोकायचं. मऊ सोफ्यावर कुणी बसायला सांगितलं तर 'मला उभं राहायला आवडतं' म्हणायचे, जणू काही लहानपणापासूनचा छंद आहे. मी विचारलं की एकच उत्तर, 'जरा ताठलंय.' बाकी तोंडातून ब्र नाही. सकाळी बिछान्यातून उठायला ह्यांना किती वेळ लागतो हे मी स्वयंपाकघरातून ऐकायची. पलंग करकरायचा, मग गप्प, मग पुन्हा करकरायचा. माझा जीव वरखाली व्हायचा आणि हे बाहेर येऊन म्हणायचे, 'चहा झाला का?'

तेव्हा माजी सैनिकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आमच्या लेकीएवढ्या. त्यांना संशोधन करायचं होतं. सैन्यातून आलेल्या माणसांची जुनी दुखणी जात का नाहीत, आणि कशाने जातील, हे शोधायचं. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हटलं, 'जखम तर केव्हाच भरली, मग दुखतंय काय?' त्या म्हणाल्या, 'काकू, चोर पळून गेल्यावरही घराची घंटा वाजत राहते ना, तसं. मज्जातंतूंना वाजायची सवय लागते. ती सवय मोडता येते असं मला वाटतं, पण ते सिद्ध करायला हवं.' मला बाई आवडल्या. वाटतं आणि सिद्ध केलं यातला फरक कळणारी माणसं कमी असतात.

त्यांची पद्धत अशी. आधी काही आठवडे नुसतं बघायचं. दर भेटीला प्रत्येकाने शून्य ते दहा यातला आपला आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. शेवटच्या भेटीत ज्याचा आकडा चारच्या वर असेल त्यालाच पुढच्या टप्प्यात घेणार. पुढचा टप्पा म्हणजे खरा उपचार, गरम पाण्याच्या हौदातले व्यायाम, झोपेसाठी मार्गदर्शन, औषधं हळूहळू कमी करणं. चारच्या खाली असलेल्यांना राम राम. जागा थोड्या होत्या, त्यात त्यांचा दोष नाही.

मी ह्यांना अक्षरशः ओढत नेलं. आणि उस्ताद जातायत हे कळल्यावर ह्यांच्या जुन्या पोरांची रांग लागली. आता पोरं म्हणजे काय, कुणाला टक्कल, कुणाला नातू. पण ह्यांच्यापुढे पोरंच. त्यात एक बुटक्या. दारातून आत येताना डोकं खाली घ्यावं लागतं एवढा उंच, म्हणून नाव बुटक्या. भरतीच्या पहिल्या दिवशी ह्यांनीच ठेवलेलं. भेटला की 'वहिनी, उस्ताद घरात पण डावा-उजवा करायला लावतात का?' असं विचारून स्वतःच मोठ्याने हसायचा.

दवाखान्यात खोल्या कमी, म्हणून सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचे. भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटया, समोर फळा. सिस्टर खडू घेऊन उभी राहायची आणि एकेकाला आकडा विचारायची. पहिल्या खुर्चीवर अर्थातच आमचे हे. ताठ बसलेले, बूट आरशासारखे.

'उस्ताद, तुमचा?'

'दोन.'

मी दाराबाहेर बाकावर बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, दोन? आज सकाळी पलंगाने जेवढा आवाज केला तेवढा आमच्या लग्नात बँडनेसुद्धा केला नव्हता. पण सगळ्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं? मूग गिळून बसले. घरी आल्यावर मात्र चांगलं झापलं. हे म्हणाले, 'दोनच आहे.' विषय संपला.

असे काही आठवडे गेले आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. समोर कागद पसरलेले. म्हणाल्या, 'काकू, तुम्हाला एक गंमत सांगते. गंमत कसली, माझा सगळा अभ्यासच धोक्यात आलाय. उस्ताद दोन म्हणाले की फळ्यावर कुणाचाच आकडा दोनच्या वर जात नाही. एकदा ते म्हणाले तीन, तर बरेच जण अडीचवर आले. आणि सर्दी झाली म्हणून ते आले नव्हते ना, त्या दिवशी फळ्यावर सहा, सात, आठ. माझा अभ्यास दुखण्याचा नाही, उस्तादांचा चाललाय.'

मला हसावं का रडावं कळेना. बाईंना वाटत होतं, वेगळ्या खोलीत एकेकट्याला विचारलं की प्रश्न सुटेल. त्यांनी औषधांची खोली रिकामी करून घेतली, दार लावून घेतलं. पहिले आत गेले उस्ताद. बाहेर आले तर पॅसेजमध्ये सगळी पोरं उभी. बुटक्याने विचारलं, 'उस्ताद, किती?' हे म्हणाले, 'दोन.' झालं. दार बंद असून काय उपयोग? एकेक जण आत जाऊन दीड आणि एक सांगून बाहेर आला. ह्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हो. विचारलं, सांगितलं. पण डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. म्हणाल्या, 'उस्तादांपेक्षा जास्त दुखतं असं म्हणायला यांना लाज वाटते. लाजसुद्धा नाही. त्यांना तो शिस्तभंग वाटतो. हे असंच राहिलं तर शेवटच्या भेटीत मला सगळ्यांना घरी पाठवावं लागेल. मला माहितीये की आकडे खोटे आहेत, पण त्यांच्या जागी मी माझे आकडे घालू शकत नाही.'

बाईंचं बरोबर होतं. प्रत्येकाच्या दुखण्याचा आकडा त्याच्याच तोंडून यायला हवा. पण तोवर मला वाटत होतं की भांडण माझं आणि ह्यांचं आहे. ते तेवढंच नव्हतं हे मला बुटक्याच्या बायकोने दाखवलं.

ती माझ्याकडे पँटी घेऊन आली, दुरुस्तीला. तीन पँटी, आणि तिन्हींचे गुडघे झिजून जाळी झालेले. बाकी कापड नव्यासारखं. मी चष्मा पुसून पाहिलं आणि थट्टेत म्हटलं, 'काय गं, नवऱ्याकडून फरशी पुसून घेतेस की काय?'

ती हसली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, 'ताई, सकाळी ते बाथरूमपर्यंत रांगत जातात. खुब्यात एवढ्या कळा येतात की उभं राहता येत नाही. नऊ-दहा वाजेपर्यंत सैल होतं, मग काठी न घेता बाहेर पडतात. मुलांना सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीये. तुमच्याकडे आलेय हेही त्यांना ठाऊक नाही.'

मशीन थांबवलं मी. विचारलं, 'कधीपासून?'

मग तिने सांगितलं. बुटक्याच्या भरतीच्या वर्षीच डोंगरातल्या रस्त्यावर पोरांचा ट्रक घसरून चरीत गेला होता. उस्ताद पुढे बसलेले. त्यांनी सगळ्यांना ओढून बाहेर काढलं, रांग लावली, आणि विचारलं, 'कुणाला लागलंय?' सगळे म्हणाले, 'नाही, उस्ताद.' बुटक्यासुद्धा. आणि तिथून सगळे चालत छावणीवर गेले. त्याचा खुबा तेव्हाचा. माझ्या ह्यांची कंबरही तेव्हाचीच, हे मला तिच्या तोंडून कळलं. इतकी वर्षं संसार केला आणि ट्रकची गोष्ट ऐकली ती पँटीवाल्या गिऱ्हाइकाकडून. 

'ताई, त्यांना या उपचारात घेतलं नाही तर पुढे काय, मला माहीत नाही,' ती म्हणाली. 'हॉलमध्ये ते दीड सांगतात. उस्ताद दोनवर असताना आपण वर कसे जाणार, असं मला विचारतात.' आणि मग रडायला लागली. मी तिला पाणी दिलं आणि पँटी ठेवून घेतल्या.

त्या संध्याकाळी हे बुटांना पॉलिश करत बसले होते. मी समोर स्टूल ओढलं आणि एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. ब्रश थांबला एवढंच.

'रांगतो?' त्यांनी विचारलं.

'रांगतो.'

ह्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, 'मला वाटलं पोरं घट्ट आहेत. मलाच काय ते होतंय.'

'आणि त्यांना वाटतंय तुम्ही घट्ट आहात. सगळे एका माळेचे मणी.'

'अगं, पण मी खरा आकडा सांगितला तर त्यांचं काय होईल? आयुष्यभर मी त्यांना सांगितलं की दुखणं बुटाखाली ठेवायचं असतं. आता काय सांगू, की माझ्याच बुटाखाली ते राहिलं नाही?'

'हो,' मी म्हटलं. 'तेच सांगा. दुसरं कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंचं ते ऐकत नाहीत, बायकांचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात, मेलं तुमचंच ऐकतात, म्हणून तर ही वेळ आली.'

माझा आवाज चढला होता. मला राग आला होता, आणि त्या रागाखाली भीती होती, तीही बोलून दाखवली. म्हटलं, 'मला तुमची भीती वाटते. एक दिवस पलंग वाजायचाच थांबेल आणि तुम्ही मला हाकसुद्धा मारणार नाही.' ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग राहिलेल्या बुटाला पॉलिश केलं, दोन्ही बूट दाराशी जोडून ठेवले आणि झोपायला गेले.

शेवटच्या भेटीच्या दिवशी हे थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. 'आज सगळ्यांना आधी हॉलमध्ये बसवा. मला बोलायचंय.'

बाईंनी थोडा विचार केला. बाई पक्क्या. म्हणाल्या, 'बोला. पण हॉलमध्ये बोललेला एकही आकडा मी अभ्यासात धरणार नाही. नंतर सगळ्यांना एकेकटं विचारेन, आणि तेव्हा पॅसेजमध्ये कुणी उभं राहायचं नाही. तुम्हीसुद्धा.'

'मंजूर,' हे म्हणाले.

मी आणि बुटक्याची बायको दारात उभ्या. हे फळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्या जुन्या आवाजात म्हणाले, 'सावधान.' सगळी रांग उठली. उठली म्हणजे कशी, कुणी खुर्चीचे हात दाबून, कुणी शेजाऱ्याचा खांदा धरून, कुणी दातावर दात दाबून. बुटक्या सगळ्यात शेवटी उभा राहिला, भिंतीला धरून. हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिले. इतक्या आठवड्यांत हे पहिल्या खुर्चीवर समोर बघत बसायचे, रांग ह्यांनी पाहिलीच नव्हती.

'बसा,' हे म्हणाले, आणि आवाज खाली आला. 'मैदानावर मी जे शिकवलं ते मैदानावर बरोबर होतं. तिथून लढाईवर जायचं असतं, समोर गोळी असते. इथे समोर ही सिस्टर आहे, तिच्या हातात खडू आहे. इथे ते शिकवणं चुकीचं आहे. माझा आकडा दोन नाही. आठ आहे. ट्रक पडला त्या दिवसापासून आठ आहे. आता ज्याचा त्याचा सांगा. खरा. माझ्याकडे बघून नाही, स्वतःकडे बघून.'

सगळे आधी एकमेकांकडे बघायला लागले. मग एक जण म्हणाला, सहा. दुसरा म्हणाला, सात. एकाने आधी चार सांगितला, मग मान खाली घालून सात केला. फळ्यावर काही लिहायचं नव्हतं तरी सिस्टरच्या हातात खडू तसाच होता. रांग पुढे सरकत बुटक्यापाशी आली.

त्याने आधी दारातल्या बायकोकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, 'नऊ, उस्ताद.'

'माझ्यापेक्षा जास्त?'

'होय, उस्ताद.'

हे चालत त्याच्यापाशी गेले. 'त्या दिवशी मी विचारलं होतं, कुणाला लागलंय म्हणून.'

'होय, उस्ताद. मी खोटं बोललो.'

'नाही,' हे म्हणाले. 'मी विचारलंच असं की दुसरं उत्तर येऊ नये.'

बुटक्याची बायको माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की बांगडी रुतली. तो उंच माणूस ओंजळीत तोंड लपवून हमसून रडला. हे शेजारची रिकामी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसले, खुर्चीवर टेकताना चेहरा वेडावाकडा झाला तो झाकला नाही, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. बाकीचे खाली बघत होते. मग डॉक्टरीणबाईंनी एकेकाला आत बोलावलं. पॅसेज रिकामा होता. संध्याकाळी बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, 'काकू, आता मला अभ्यास करता येईल.' बुटक्याला घेतलं. ह्यांनाही घेतलं.

बसने घरी येताना आम्ही शेजारी बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, 'आठ?'

'हं.'

'मला वाटायचं पाच. फार तर साडेपाच.'

 दोन थांबे गेले. मग हे म्हणाले, 'आज बरा दिवस आहे.'

म्हणजे आठ हा बऱ्या दिवसाचा आकडा. डोळे भरून आले, ते मी भरू दिले. उतरायच्या आधी एवढंच म्हटलं, 'यापुढे रोज सकाळी मला आकडा सांगायचा. चहाच्या आधी.'

'रोज?'

'रोज. आणि खरा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले नाही. पलंगाशेजारी उभी राहिले. हे छताकडे बघत पडले होते. मला पाहून जरा ओशाळले, मग म्हणाले, 'नऊ.'

मी म्हटलं, 'बरं,' आणि हात पुढे केला. ह्यांनी तो धरला आणि माझ्या आधाराने उठून बसले.